कळंबाचं रक्त

माझी बायको माझी बहीण होता होता राहिली.

हे वाक्य मी चारचौघांत टाकलं, की स्वयंपाकघरात एखादं भांडं मुद्दाम आपटल्याचा आवाज येतो. पाहुणे दचकतात, एकमेकांकडे बघतात, आणि मग मला पुढचं सांगावंच लागतं. भांडं आपटल्याशिवाय मी सुरुवात करत नाही, हे माझ्या बायकोला ठाऊक आहे, म्हणून तीही वेळेवर आपटते. मात्र आधीच बजावून ठेवतो. या गोष्टीत कोण कुणाचं काय लागतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता कानाजवळचे केस पांढरे झाले तरी नीटसं कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा. चहा पाजीन.

लढाई संपली होती, स्वराज्य यायचं होतं, आणि मी भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला लागलो होतो. काम एवढंच, की मोठमोठ्या यंत्रांवरचे काटे बघायचे आणि काटा हलला की साहेबाला सांगायचं. पण गावात मी असा चालायचो, की जणू मुंबईचे दिवे रोज संध्याकाळी मीच चुटकी वाजवून लावतो. शिवाय वीजघराच्या वसाहतीत गणपतीत नाटकं व्हायची आणि त्यात राणीचं काम नेहमी माझ्याकडे असे. राणी मरायची असली तर फारच उत्तम. मी मरायला लागलो की लवकर मरत नसे.

अशा या राणीचं लग्न ठरलं. मुलगी खालापूरच्या बाजूची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. आई लहानपणीच गेलेली, घरात वडील आणि ही धाकटी. थोरली बहीण कर्जतजवळ दहिवलीला दिलेली. भाऊ नाही. बघायच्या दिवशी मी मुलगी पाहिली ती पायाच्या अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. त्याच्या वरची सगळी पदराआड होती. घोटे चांगले होते. मी होकार दिला.

म्हाताऱ्या माणसांनी देवक मात्र पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. आमच्या लोकांत प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कुणाचं झाड, कुणाचं पीस, कुणाचं आणखी काही. लग्नाआधी ते मांडवात आणून पुजतात. ज्यांचं देवक एक, ती एकमेकांची भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक कळंबाचं झाड, त्यांचं मोरपीस. काही अडचण नाही. दसऱ्याला सुपारी फोडायची, म्हणजे चार माणसांसमोर लग्न पक्कं करायचं, असं ठरलं.

सुपारीला कोट घालायचा हा हट्ट माझा. कापड तेव्हा कंट्रोलचं, परवान्यावर मोजून मिळणारं, त्यामुळे ते मिळवताना माझी निम्मी हौस फिटली होती. भाद्रपद सरत आला होता. बाजाराच्या दिवशी मी कर्जतला शिंप्याच्या दुकानात उभा होतो. अंगावर कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट, डावी बाही लावलेली, उजवी शिंप्याच्या हातात. समोरच डॉक्टरांचा दवाखाना. हे डॉक्टर पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे जाऊन आलेले. बोलायला तिरसट, पण हाताला गुण होता.

एवढ्यात दवाखान्यासमोर एक बैलगाडी थांबली. गाडीत गवत, गवतावर घोंगडी, घोंगडीत एक बाई. गाडीमागे जो माणूस फेटा सावरत धावत होता, तो माझा होणारा सासरा.

मी तसाच, एका बाहीचा, रस्ता ओलांडून गेलो. बाई म्हणजे दहिवलीची थोरली. घरीच बाळंत झाली होती. बाळ धडधाकट होतं, धाकटी त्याला घेऊन घरी बसली होती. वडील बाळाचं तोंड बघायला म्हणून आले होते, आणि इथे लेकीच्या अंगावरून जायचं थांबत नव्हतं. तिचा चेहरा तांदळाच्या पिठीसारखा दिसत होता. ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. नाटकात मी इतक्यांदा मेलो होतो, पण मरणारं माणूस असं गुपचूप पडून असतं हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला आत घेतलं. बराच वेळ गेला. मग बाहेर आले, बाह्या वर केलेल्या.

"जायचं थांबवलंय. पण गेलं ते फार गेलंय. अंगात रक्त घालावं लागेल. कोण देतो?"

बाजाराचा दिवस होता, दवाखान्यापुढे ही गर्दी. पण त्या एका प्रश्नाने किती जणांना किती कामं आठवली म्हणून सांगू! कुणाची म्हैस सुटली होती, कुणाला मीठ घ्यायचं होतं. बघता बघता अंगण झाडल्यासारखं झालं. त्यांना हसण्यात अर्थ नाही. एका माणसाचं रक्त काढून दुसऱ्यात घालतात हे आमच्याकडे कुणी पाहिलेलंच नव्हतं. काढलेलं रक्त पुन्हा भरतं का, नांगर धरवतो का, कुणाला ठाऊक?

तिचा नवरा पुढे झाला. गरीब, अबोल माणूस. डॉक्टरांनी त्याच्या बोटाला सुई टोचली, काचेच्या पट्टीवर त्याचं आणि तिचं रक्त मिसळून पाहिलं आणि मान हलवली. "नाही चालत. गुठळ्या होतायत."

"माजं घ्या की," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे होणारे सासरे. पुढे मीही त्यांना आबाच म्हणायला लागलो. "बाप हाय मी तिचा."

डॉक्टरांनी पाहिलं. "तुमचंही नाही चालत."

"आवं पन बाप हाय मी!"

"बाप असलात तरी नाही चालत. माझंही पाहून झालंय. आणखी कोण आहे?"

माझा हात वर गेला. का गेला? इतकी वर्षं मी याचा विचार करतोय. दया आली हे खरं. समोर, लांबून का होईना, बघे होते आणि बघे असले की माझे हातपाय आपोआप हलतात, हेही खरं. होणाऱ्या सासऱ्यावर छाप पडेल हे मनात आलं नसेल असं शपथेवर सांगता येणार नाही. पण हात आधी वर गेला आणि ही सगळी कारणं मागून धावत आली. बरं, उजव्या हाताला बाही नव्हतीच. जणू शिंप्याने सोयच करून ठेवली होती.

काचेची पट्टी आली. सुई टोचली. डॉक्टर वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "चल, आडवा हो."

मी बाकावर आडवा झालो. दंडाला रबराची नळी आवळली, जाडजूड सुई आत गेली, आणि माझं रक्त बाटलीत उतरायला लागलं. त्यात गोठू नये म्हणून औषध घातलेलं होतं. मी "आई गं" म्हणायला तोंड उघडलं, पण डॉक्टर म्हणाले, "नाटक नको." त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. दारात शिंपी उभा होता, हातात माझी दुसरी बाही. त्याचा सगळा जीव कोटाला डाग पडतो की काय यात.

मग ती बाटली भिंतीवरच्या खुंटीला उलटी टांगली आणि नळी तिच्या दंडात गेली. आम्ही सगळे बघत बसलो. यंत्राचा काटा हलताना मी रोज बघत होतो, पण इथे काटा नव्हता, नुसता चेहरा होता. आधी तिच्या ओठांची कड दिसायला लागली. मग ओठ दिसले. मग तिने डोळे उघडून वर बाटलीकडे पाहिलं.

"कुनाचं हाय?" तिने विचारलं.

"धाकटीच्या पाव्हन्याचं," नवरा म्हणाला. त्याने त्या दिवशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एका बाहीचा कोट, डोळे फिरलेले. म्हणाली, "मंग आता मरता येयाचं नाय. दुसऱ्याचं आनलेलं टाकून जाता येतं व्हय?"

आबा पायरीवर बसले होते, फेटा मांडीवर. डॉक्टर हात धुऊन बाहेर आले तसे म्हणाले, "डागदर, माजं चाललं नाय. बापाचं. आन ह्येचं चाललं."

"असं होतं, आबा."

"असं म्हंजे कसं?"

डॉक्टर दमलेले होते. ते नुसतेच आत गेले. त्या वेळी ते बसून नीट बोलले असते, तर माझे पुढचे हाल वाचले असते. आबांनी त्या पायरीवर बसून आपल्यापुरता अर्थ लावून घेतला.

घरी आलो तर आईला आधीच बातमी कळलेली. "लग्नाच्या तोंडावर रगत देऊन आलास?" म्हणत तिने भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. मग माझ्यासमोर बसून विचारात पडली. मी तिचा एकुलता. थोड्या वेळाने म्हणते, "म्हंजे रं, मला आता येक लेक झाली म्हनायची का?"

मी म्हणालो, "झाली." तूप चांगलं होतं, मी कशालाही हो म्हणालो असतो.

दसऱ्याच्या आधी मी कर्जतहून खोपोलीची गाडी धरली आणि पुढे चालत आबांच्या गावी गेलो. आता माझं स्वागत कसं होईल याची मी वाटभर तालीम केली होती. ते "या पाव्हणं" म्हणतील, घोंगडी झटकतील, मी "नको नको" म्हणेन, ते ऐकणार नाहीत.

आबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "आलास का पोरा? तेवढा त्यो भारा गोठ्यात टाक."

मला वाटलं मागे कुणी उभं आहे. वळून पाहिलं. कुणी नव्हतं. गवताचा भारा होता. मी तो गोठ्यात टाकला. मग बैलांना पाणी दाखवलं. मग मला ओसरीवर जमिनीवरच बसवून आबा शांतपणे म्हणाले, "सुपारी न्हाय फुटायची. भावाला भैन कशी देनार?"

मी हसलो. राणीचं हसू, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं. ते हसले नाहीत.

"बग," ते म्हणाले, "बापाचं रगत लेकीला चाललं नाय. नवऱ्याचं नाय चाललं. डागदराचं नाय. काचंवर तुजं येकट्याचं तिच्या रगताला मिळालं. मोरपिसात कळंब गेला, आन मोरपिसानं त्यो ठेवून घेतला. आता तू थोरलीचा भाऊ. थोरलीचा त्यो धाकटीचा. सोयरीक कशी व्हईल?"

काचेची पट्टी मी स्वतः पाहिली होती. सगळं खरंच होतं. फक्त शेवट चुकत होता, आणि कुठे चुकत होता ते मला बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. आत दाराआड बांगड्या वाजल्या. तिथून हसण्याचा आवाज आला की हुंदक्याचा, तेही कळलं नाही.

परतताना मी तडक कर्जतला डॉक्टरांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की दोन रोगी आपसूक बरे होऊन गेले असावेत. मग डोळे पुसून म्हणाले, "अरे, परकं रक्त अंगात जन्मभर राहत नाही. तीन-चार महिन्यांत झिजून जातं. तिचं स्वतःचं नवं तयार होतं. सांग तुझ्या सासऱ्याला."

मी उडत गेलो म्हटलं तरी चालेल. दहिवली वाटेतच. थोरली आता उठून बसत होती, बाळ मांडीवर. आबाही माझ्या मागच्या गाडीने लेकीला बघायला येऊन बसले होते. मी अंगणातूनच ओरडलो, "आबा, चिंता मिटली! माघापर्यंत माझं सगळं रक्त झिजून जातंय!"

कुणालाच आनंद झाला नाही. थोरली तर तडकलीच. "म्हंजे काय रं दादा? माघापतुर भैन, आन फुडं कोन नाय? भाड्यानं दिलंवतंस का काय?"

'पाव्हणं'चा 'दादा' कधी झाला ते मला कळलंच नव्हतं. आणि आबा? ते एवढंच म्हणाले, "म्हंजे माघापतुर तू माजा हायेस." मग जमिनीकडे बघत, "आन मंग?"

मी निघालो तेव्हा बाजूने चालत दाजी, म्हणजे थोरलीचा नवरा, वेशीपर्यंत आला. त्याच्याकडून मला कळलं, की आबांना एक मुलगा होता. त्यांच्या बायकोबरोबरच तोही वारला. आणि तेव्हापासून त्या घरातल्या दोघी बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळत आल्या. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसंच करतात, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी आबा कुठे असतात, हे माहीत नव्हतं. "गोठ्यात जाऊन बसत्यात," दाजी म्हणाला. "बगत नायत."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? मला तिथे नवरा व्हायचं होतं. त्यांना मी मुलगा म्हणून पाहिजे होतो. माझ्या आईला लेक मिळाली होती, थोरलीला भाऊ मिळाला होता. सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. गमावणारा एकटा मी, आणि आणखी एक जण, जिला कुणी विचारलंच नव्हतं.

दसरा गेला. सुपारी फुटली नाही. भातकापणी आली, आणि सुट्टीच्या दिवशी आबांकडून बोलावणं यायला लागलं. "पोराला म्हनावं विळा घेऊन ये." मी जायचो. का जायचो, असं वीजघरातले दोस्त विचारायचे. त्याला कारण होतं. जावई म्हणून गेलो असतो तर ती लग्नापर्यंत दाराआड राहिली असती. भाऊ म्हणून गेल्यावर ती बिनधास्त पुढ्यात यायची. भाकरी घेऊन शेतावर यायची, माझ्या कापणीला हसायची. घोट्याच्या वरची सगळी मुलगी मला अशी पहिल्यांदा दिसली, आणि दिसली ती बहीण म्हणून. मी खूश व्हावं की ऊर बडवावा?

"तुमी कापताय का भाताला गुदगुल्या करताय?" ती म्हणायची.

"वीजघरात भात नसतं."

"मंग तिकडं काय करताय?"

"काटे बघतो."

"दिसभर? निस्तं बगायचं? आन त्याचा पगार?" तिला हसू आवरेना. मग आबा बांधाच्या पलीकडे गेलेले बघून हळूच, "मी तुमाला दादा म्हनू?"

"नको!"

"नावानं हाक मारू?"

"नको."

"मंग काय म्हनू?"

"काहीच म्हणू नकोस."

तिने डोक्यावरची पाटी सावरली. "काईच म्हनत नायत त्ये नवऱ्याला," ती म्हणाली आणि बांधावरून झपझप निघून गेली. मी विळा उलटा धरून बराच वेळ भात कापत होतो.

पण आबांनी मनाशी दिवस धरून ठेवला होता. भाऊबीज. त्या दिवशी दोघी लेकींनी मला पाटावर बसवून ओवाळायचं. आणि एकदा धाकटीने ओवाळलं की संपलं. मग ते रक्त माघात झिजो नाही तर वैशाखात. ज्याला ओवाळलं त्याच्या गळ्यात कुठली मुलगी माळ घालते?

भाऊबीजेला मी आईला घेऊन गेलो. तिला तिची नवी लेक बघायची होती. थोरली आणि दाजी बाळाला घेऊन आले होते. दुपार कलली होती. ओसरी सारवलेली, पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. इतक्या वर्षांत या दिवशी ते पहिल्यांदाच गोठ्यात न जाता ओसरीवर उभे होते. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती.

मी पाटावर बसलो. थोरली ताट घेऊन आली. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. तिने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी माझ्या तोंडावरून फिरवली, ओवाळलं. माझ्या रक्ताने धडधाकट झालेला तिचा हात निरांजनाच्या उजेडात चांगला लालसर दिसत होता. मी ताटात खण घातला. ती वाकली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो नाटकातला नव्हता.

"आता धाकटी," आबा म्हणाले.

धाकटी दारात उभी होती. जागची हलली नाही. थोरलीने ताट तिच्यापुढे धरलं नाही. मी पाटावर. उठावं तर आबांचा सगळ्या गावात अपमान आणि थोरलीच्या ओवाळण्याला लाथ मारल्यासारखं. बसावं तर बायको गेली. इतक्या नाटकांत काम केलं, पण ऐन प्रसंगी माझ्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती बाळाला खेळवत होती.

"अगं, घे ताट," आबा म्हणाले.

"थांब गं," थोरली म्हणाली. ती ताट घेऊन वडिलांसमोर उभी राहिली. "आबा, येक सांगा. माजं लगीन लावलंत तवा मांडवात मला जवळ घेऊन काय बोललावता?"

"काय बोललो?"

"आठवा की. मी रडत होते."

आबांना आठवलं असावं. ते फेटा नीट करायला लागले.

"बोललाव, आता ह्ये घर तुजं नाय. तुजं कूळ आता दहिवलीचं, तुजं देवक त्येंचं. बोललाव का नाय?"

"बोललो. समदेच बोलत्यात."

"मंग ह्येचं रगत कुनाच्या कुळात गेलं?"

आबा थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ती सुटली, परत पडली. "दहिवलीच्या," ते म्हणाले.

"मंग ही मधी कुठं आली? हिला कुनी टोचली सुई?"

मी मनातल्या मनात हे बेरीज-वजाबाकीसारखं मांडून बघत होतो आणि हातचा विसरत होतो. पण आबांचं तोंड बघून मला कळलं, की हिशेब बरोबर आहे.

"पन मंग," आबा हळूच म्हणाले, "तू ह्येची भैन कशी ऱ्हातीस? त्ये बी मोडलं की."

"त्ये का मोडल? मी त्येची भैन हाय. दहिवलीची सून हाय आन कळंबाची भैन हाय. लग्नात मी त्येच्या बाजूनं करवली म्हनून येनार, कऱ्हा घेऊन. तुमच्या बाजूला न्हाय उभी ऱ्हायची मी."

हे तिने ताठ मानेने म्हटलं, पण म्हणताना ताटातलं निरांजन हललं. धाकटीला तिनेच वाढवलं होतं. लग्नाच्या दिवशी आईच्या जागी तीच उभी राहणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

दाजी खांबाला टेकून हे सगळं ऐकत होता. तो गंभीरपणे म्हणाला, "म्हंजे आता मला सासुरवाडी दोन झाल्या. दिवाळीला कुनाकडं जेवायचं त्ये तरी ठरवा."

आधी माझी आई हसली. मग दारातून धाकटी हसली, हात तोंडावर दाबून. आबा हसले नाहीत. ते पुढे आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. जणू काचेची पट्टी धरून बघतायत.

"आन तू मंग माजा कोन?" ते म्हणाले.

एकदाचं माझ्या वाट्याला वाक्य आलं होतं. "तुम्ही म्हणाल तो," एवढंच बोललो. "भारे तर मी तसेही वाहीन."

त्यांनी थोरलीच्या ताटातली सुपारी उचलली. तीच, जी आत्ताच माझ्या तोंडावरून फिरली होती. ती तळहातावर फिरवत म्हणाले, "अडकित्ता आना रं कुनीतरी. आन चार मानसं बोलवा. इहीनबाई, तुमची हरकत?"

"मी हाय की हितं," आई म्हणाली. "फोडा."

सुपारी फुटली. दसऱ्याची भाऊबीजेला. अशी सुपारी कुठे फुटली असेल असं वाटत नाही, बहिणीने ओवाळलेल्या ताटातली. ते चालतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आली होती.

लग्न फाल्गुनात झालं. कोटाला तोपर्यंत दुसरी बाही लागली होती. थोरली कऱ्हा घेऊन माझ्यामागे उभी होती आणि समोर बहिणीकडे बघून रडत होती. कुठल्या बाजूचं रडणं ते, मला ओळखता आलं नाही. आबा मला जेवताना 'जावईबापू' म्हणत आणि जेवण झालं की 'पोरा'. भारे शेवटपर्यंत वाहिले मी.

त्या बाळाचं तर विचारूच नका. ते मोठं होऊन मला मामा म्हणायला लागलं आणि माझ्या बायकोला मावशी. मामाची बायको मामी असते, मावशीचा नवरा काका असतो. आमच्या बिऱ्हाडात मामा आणि मावशी एका पाटावर जेवतात, हे ऐकून वसाहतीतल्या नव्या शेजाऱ्यांनी आमच्याशी काही दिवस बोलणं टाकलं होतं.

डॉक्टरांचे निरोप पुढेही येत राहिले. कुणी डोंगरातल्या वाडीवरचा मधाला चढून कड्यावरून पडलेला, कुणी अडलेली बाळंतीण. मी जायचो. आता चार-पाच पोरं माझ्याबरोबर यायची, वीजघरातलीच. दवाखान्यापुढचं अंगण पूर्वीसारखं रिकामं होत नसे. रक्त कुणाला गेलं हे मी मात्र कधी विचारत नाही. आहेत तेवढे नातेवाईक मला पुरेत. निघताना बायको दरवेळी विचारते, "त्यांच्यात लग्नाचं कोन न्हाय ना?"

आणि भाऊबीजेला थोरली येते, मला पाटावर बसवते, ओवाळते. तेवढ्या वेळात माझी बायको दुसरं ताट घेऊन अंगणात जाते. दिवस मावळला की डोंगराच्या अंगाला नखाएवढी कोर दिसते, तिला ती ओवाळते. पहिल्या वर्षी, सुपारी फुटली त्याच संध्याकाळी, तिने तेच केलं होतं. मी गेल्या भाऊबीजेला मुद्दाम तिच्यामागे गेलो. ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"भावाकडं मागितलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुमाला कशाला सांगू? तुमी कोन माजे?"

खरं सांगतो, उत्तर द्यायला मला क्षणभर विचार करावा लागला.